तारण : एका शब्दाचे दोन अर्थ

अंबाजोगाईत दासोपंतांचे नाव निघाले की पहिला उल्लेख होतो तो पासोडीचा. सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले, ही गोष्ट कोणाही जिज्ञासूला विस्मयात टाकणारीच आहे. परंतु परंपरेने जपलेली त्यांच्या बालपणीची कथा पासोडीहून कमी विलक्षण नाही. वडील दिगंबरपंत नारायणपेठचे देशपांडे. महसुलाचा भरणा झाला नाही, म्हणून बेदरच्या बादशहाने त्यांच्या मुलाला ओलीस ठेवून घेतले. ठरल्या मुदतीत रक्कम आली नाही तर मुलाला धर्म बदलावा लागेल, अशी अट होती. मुदत संपत आली तेव्हा प्रत्यक्ष दत्तात्रेय पाडेवाराच्या वेषात दरबारात आले, त्यांनी रक्कम भरली आणि ते दिसेनासे झाले. मंगळवेढ्याच्या दामाजीसाठी विठ्ठलाने विठू महार होऊन हेच केले, असे दुसरी कथा सांगते.

या कथांची ऐतिहासिकता हा येथे प्रश्न नाही. प्रश्न आहे तो त्यांनी मराठी मनात रुजविलेल्या एका कल्पनेचा : माणूस कर्जापोटी अडकतो आणि देव ते कर्ज फेडतो. मराठीतील ‘तारण’ या शब्दात हे सारे नाट्य साठविलेले आहे. तारण म्हणजे उद्धार, आणि तारण म्हणजे कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली वस्तूही. बेदरच्या कोठडीतला मुलगा दुसऱ्या अर्थाने तारण होता. पहिल्या अर्थाने त्याचे तारण झाले.

मराठी ख्रिस्ती परिभाषेने नेमका हाच शब्द स्वीकारला, आणि येशूने आपला जीव ‘खंडणी’ म्हणून दिला, असे मराठी बायबल म्हणते. मूळ ग्रीक शब्दामागेही बंदिवानाला किंवा गुलामाला मोल देऊन सोडविण्याचा व्यवहारच आहे. साम्य येथपर्यंत आहे. पुढे वाटा वेगळ्या होतात. दत्तात्रेय नाण्यांनी खंडणी भरतात, ख्रिस्त स्वतःच खंडणी होतो. पाडेवाराचा वेष घेणाऱ्या देवाला श्रम पडतात, कदाचित अवमानही सोसावा लागतो. पण वेष उतरवताच तो पूर्ववत होतो. क्रूसावरचा देह हा मात्र वेष नव्हे, असा ख्रिस्ती श्रद्धेचा आग्रह आहे. अर्थात हा भेदही सरधोपट मानता येत नाही. चोखोबाला मारलेल्या चपराकीने विठ्ठलमूर्तीचा गाल सुजला, ही कथा सांगणाऱ्या परंपरेला देवाच्या वेदनेची कल्पना परकी होती, असे कसे म्हणावे?

खंडणी दिली, पण कोणाला? हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनीच उपस्थित केला. तिसऱ्या शतकात ओरिजेनने ती सैतानाला दिली गेली असे सुचविले. चौथ्या शतकातील नाझियान्झसच्या ग्रेगरीला ते घृणास्पद वाटले आणि पित्याने ती मागितली असे म्हणणेही त्याला पटेना. अकराव्या शतकाच्या अखेरीस अ‍ॅन्सेल्मने खंडणीची कल्पना बाजूला सारून देवाच्या अवमानित प्रतिष्ठेच्या भरपाईची मीमांसा केली. मात्र ईश्वर स्वतः वेदनेच्या अतीत आहे, दुःख भोगले ते ख्रिस्ताच्या मानवी स्वभावाने, ही भूमिका दीर्घकाळ प्रमाण राहिली. विसाव्या शतकाने ती हलविली. जपानी धर्मचिंतक काझो कितामोरी याने १९४६ साली देवाच्या वेदनेलाच ईश्वरशास्त्राचा केंद्रबिंदू केले. युर्गेन मोल्टमानने १९७२ साली क्रूसावर दिलेल्या देवाचा विचार मांडला. दोघांच्याही मागे महायुद्धाचा अनुभव होता.

या मीमांसांतून एक सूत्र काढता येते. प्रेम करणारा देव माणसाला नकाराचे स्वातंत्र्य देतो. त्या नकाराची किंमत मात्र तो स्वतः मोजतो. क्रूसावरून उतरून तो सर्वांना नमवू शकला असता, परंतु मग श्रद्धा ही शरणागती ठरली असती. देवाची वेदना म्हणजे बळ न वापरण्याच्या निश्चयाची वेदना होय.

या सूत्राची कठोर परीक्षा मराठी भूमीवरच झाली. दासोपंतांची समाधी शके १५३७ची, म्हणजे इसवी सन १६१५-१६ची. आणि १६१६ सालीच गोव्यात राचोल येथे फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने येशूची दुःखकथा मराठीत आणली. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवतो, की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण द्या. ही विनवणी हिरावून घेतलेल्याच्या बदल्यात आली आहे, हे विसरता येत नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले होते. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली होती. बेदरच्या कथेतील मुलासमोर जी अट होती, तिच्याशी मिळतीजुळती अट येथे साऱ्या गावांसमोर होती. आणि येथे कोणी पाडेवार आला नाही. स्टीफन्सच्या ओवीचे सौंदर्य खरे आहे, तिच्यातील करुणाही खरी आहे. पण दुर्बल होऊन मरणाऱ्या देवाची कथा सत्तेच्या आश्रयाने सांगितली जाते, तेव्हा कथा आणि कथनस्थिती यांत विसंवाद निर्माण होतो. समीक्षेला तो सोडविता येणार नाही. मात्र झाकू नये.

उलट बाजूचे उदाहरण तीन शतकांनी मिळते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तो निर्णय त्यांचा होता. त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. काही वर्षांचा वियोग झाला. पुढे पतीकडे येऊनही त्यांनी आपले सोवळे काही काळ वेगळे राखले आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. १९०९ साली टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. त्यांच्या सुमारे साडेदहा अध्यायांना आपल्या चौसष्ट अध्यायांची जोड देऊन ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यापायी दुःख सोसणे म्हणजे काय, हे ज्या स्त्रीने संसारात जाणले होते, तिच्याच हातून ख्रिस्तचरित्राचे मराठी महाकाव्य सिद्ध व्हावे, याला केवळ योगायोग म्हणणे जड जाते.

दासोपंतांच्या कथेतही एक तपशील सहज नजरेआड होतो. खंडणी भरणारा दत्त मुलाकडून काहीच वदवून घेत नाही. तो निघून जातो. सुटका झाल्यावर मुलगा घरी परततो, आणि पुढे त्याच देवाच्या शोधात आपण होऊन घर सोडतो. माहूर, मग गोदाकाठचे राक्षसभुवन अशी ती वणवण परंपरा सांगते. तारण झालेल्याने तारणहाराला ओळखावे की नाही, हे त्याच्याच इच्छेवर सोपविलेले असते.