खाज आणि लाज

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडाजवळच्या कोपीत त्यांचा संसार. त्यांच्या मजुरीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्यांच्या खरजेविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याला रात्रभर झोप नाही आणि पहाटे कोयता हाती घ्यावयाचा आहे, त्याला तो क्षुल्लक वाटत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या आयाबाया आधी पावसाचे बोलतात, मुलाच्या दाखल्याचे बोलतात. मग पदराखालचा हात हळूच पुढे येतो. खाजेपेक्षा लाज मोठी असते.

या लाजेला खरे तर आधार नाही. खरूज एका किड्यामुळे होते. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती कातडीच्या वरच्या थरात बीळ करते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. १६८७ साली इटलीत बोनोमो व चेस्तोनी या दोघांनी सूक्ष्मदर्शकातून हा किडा पाहून खरजेचे कारण दाखवून दिले. तरी आपल्याकडे अजून ‘अंगात उष्णता झाली’, ‘रक्त बिघडले’ असेच म्हटले जाते. किडा कातडीला कातडी लागून पसरतो. एका वाकळेखाली चौघे निजतात तेथे त्याचे फावते. मग माणूस कितीही स्वच्छ असो.

ओळख कठीण नाही. खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा, कंबर, बेंबीभोवतीचा भाग येथे बारीक पुळ्या येतात. तान्ह्या बाळाच्या तळहातांवर व तळपायांवरही येतात. पहिल्या वेळी लागण झाल्यावर खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ती घरभर पोहोचलेली असते. उसाच्या पानांची लव लागूनही अंग खाजते, म्हणून फडावर हिच्याकडे दुर्लक्ष होते. परंतु लवेची खाज घरी बसलेल्या आजीला सुटत नाही. एकाच घरात दोघे-तिघे रात्री खाजवू लागले, तर खरजेचाच संशय घ्यावा.

जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात कातडीवरील डाग तपासण्याचे काम याजकाकडे सोपविलेले आहे. शंका आल्यास रोग्याला सात दिवस वेगळे ठेवून त्याने पुन्हा पाहावयाचे. आम्ही काही वैद्य नव्हे. पण खरजेला महारोग समजून घाबरलेली माणसे आम्हांस भेटतात. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, तो बधिर असतो. दोन्ही रोग औषधाने बरे होतात आणि दोन्हींत माणसाला दूर लोटण्याचे कारण नाही.

एकदा एक आजी म्हणाली, “फादर, मलम दोन बारी लावलं, पर पोराची खाज काय जात न्हाई.”

आम्ही विचारले, “घरात आणखी कोण खाजवतं, आजी?”

“सगळीच की!” आजी हसून म्हणाली.

उपचाराचे सारे मर्म त्या उत्तरात आहे. पाच टक्के पर्मेथ्रीनचे मलम घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे. बेचक्या व नखांखालची जागा सोडू नये. आठ ते चौदा तासांनी अंग धुवावे आणि सात दिवसांनी पुन्हा तसेच करावे. कपडे, वाकळा गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवावे, कारण अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसच जगतो. औषधानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्याने धीर सोडू नये. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही आहेत. त्या औषधाच्या शोधासाठी ओमुरा व कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र गरोदर स्त्रियांना व पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना त्या देत नाहीत. तान्ह्या बाळासाठी डॉक्टरांनाच विचारावे. दुकानातून मागून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज दबते, किडा मरत नाही. रॉकेल वा पिकावरचे औषध तर अंगाला कधीच लावू नये. डोक्यातील उवांसाठीही नाही. पुळ्यांत पू झाला तर दवाखाना गाठावा. त्या जंतुसंसर्गाने पुढे मूत्रपिंडालाही इजा पोहोचू शकते.

त्या आजीचा मुलगा व सून दहा दिवसांनी फडावर जाणार होती. हे दिवस मोजूनच आरोग्य केंद्रातून सर्वांसाठी औषध आणले गेले. ट्रक येण्यापूर्वी साऱ्या घराला दोन्ही वेळा मलम लागले. टोळीतील इतर घरांनाही सुनेनेच सांगितले; पदर न सावरता, हात पुढे करून.

२०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. दुर्लक्षित रोग बहुधा दुर्लक्षित माणसांचेच असतात. वाचकहो, आपल्या गावातून टोळी निघण्याच्या पंधरा दिवस आधी एवढा एक प्रश्न घरोघर विचारला जावा: रात्री कोण कोण खाजवतं?