न ठिबकणारी गळती

ठिबकणाऱ्या गळतीविषयी माझ्या मनात एक प्रकारचा आदर आहे. पावसाळ्यात कौल फुटले, तर ते अंथरुणावर टपटप पाणी टाकून आपला पत्ता स्वतःच सांगते. पण दुसरीही एक गळती असते. ती बाहेर थेंबही टाकीत नाही, मुकाट्याने हवा आत ओढून घेते. तिची माझी ओळख आमच्या शिडाच्या बोटीवरील डिझेल इंजिनाने करून दिली.

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असे आपण विचाराल. वारा पडतो, म्हणून! गेल्या आश्विनात मुंबई बंदरातून मांडव्याकडे जाताना तो असाच पडला. शिडे लुळी झाली. इंजिन सुरू केले. ते दहा मिनिटे चालले, वरखाली सूर काढू लागले आणि गप्प झाले. बोटीत बायको नि दोन मुले; आम्ही मोठ्या जहाजांच्या वाटेत, ओहोटीच्या स्वाधीन; आणि समोर एक मालवाहू जहाज क्षणोक्षणी मोठे होत चाललेले. गाळणीवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. आधी फेसाळ तेल आले, मग स्वच्छ. इंजिन पुन्हा दहा मिनिटे बोलले. अशा उधारीच्या दहा-दहा मिनिटांवर आम्ही मांडवा गाठला.

"लाइनीनं एअर धरलीय, साहेब," तिथला मिस्त्री म्हणाला.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली यशस्वी करून दाखवलेल्या या इंजिनाला ठिणगी लागत नाही. तेल मात्र नोझलमधून जोराने उडावे लागते. त्यासाठी दाब हवा साध्या हवेच्या १०० पटींहून अधिक. तेल दबत नाही, म्हणून दाब पुढे पोचतो. हवा उशीसारखी दबते आणि नोझल मिटलेलेच राहते. पंपापुढची गळती तेलाचा डाग पाडते. टाकीपासून पंपापर्यंत मात्र तेल ओढले जाते. तिथल्या चिरेतून हवाच आत शिरते.

मिस्त्रीने तेलाचा डबा उंचावर ठेवून वेगळ्या नळीने सरळ पंपाला तेल दिले. इंजिन अर्धा तास एका लयीत चालले. म्हणजे दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये! मग त्याने त्या वाटेचे एक टोक बंद केले, दुसऱ्याला सायकलचा पंप लावून हलकेच हवा भरली आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी फिरवले. तांब्याचे वायसर निर्दोष सुटले. एका क्लिपेच्या कडेला मात्र इवलासा बुडबुडा फुगला. खाली रबरी नळीला केसाएवढी चीर होती. वर सगळे कोरडे ठणठणीत.

घरातही अशी माणसे असतात. बोलणारी ठिबकून मोकळी होतात. न बोलणारी सारे आत ओढीत राहतात आणि भर समुद्रात एकाएकी थांबतात. त्यांना "काय झाले?" असे विचारून भागत नाही. जरा मायेने फुंकर घालावी लागते, म्हणजे चीर आपोआप दिसते.

हल्ली आमच्या बोटीवर सायकलचा पंप असतो. सायकल कुठे आहे, असे पाहुणे हमखास विचारतात.