काही काम नव्हतं, सहज आलो

छत्रपती संभाजीनगरात दोन मित्र भेटले की पहिला प्रश्न बहुधा पाण्याचा असतो. ‘तुमच्याकडं आलं का?’ एवढंच विचारायचं. काय आलं, हे सांगावं लागत नाही. जायकवाडीचा अथांग नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर पैठणला आहे, तरी इथल्या कित्येक वसाहतींत वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी येत नाही. मग कुणाकडं कधी आलं, किती वेळ होतं, टँकरवाला फोन उचलतो की नाही, यावर पाच मिनिटं जातात. तिथून गप्पा एकाच्या मुलीच्या निकालावर जातात, निकालावरून दुसऱ्याच्या वडिलांच्या गुडघ्यावर आणि गुडघ्यावरून कन्नडच्या घाटात परवा ट्रक अडकला होता त्यावर. विषय धरून कुणी बोलत नाही, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. ‘काय करायलास सध्या?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं आणि त्यानंतरच खरं बोलणं सुरू होतं.

ह्या बोलण्यातून हाती काही लागत नाही. निर्णय होत नाही, कुणाचं मत बदलत नाही, घरी जाऊन सांगावं असंही काही उरत नाही. तरीही मला वाटतं, हे शहर अशाच बोलण्यावर उभं आहे.

त्याचं कारण शहराच्या जन्मातच आहे. मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी नावाच्या खेड्याच्या जागी हे नगर वसवलं. तो स्वतः हबसाणातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आलेला माणूस. पुढं औरंगजेब आला, त्याच्यामागं उत्तरेतले सरदार, सैनिक, कारागीर, सुफी आले. हिमरू विणणारे हात इथं रुजले. मग निजामाचा अंमल आला आणि 1948 च्या सप्टेंबरात तो संपला. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं महाविद्यालय काढलं आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली, आजवर शाळेच्या बाहेर ठेवलेली मुलं पत्र्याच्या पेट्या घेऊन महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात उतरली. 1958 मध्ये विद्यापीठ झालं. ऐंशीच्या दशकात वाळूजला कारखाने उभे राहिले आणि बीड, जालना, परभणीकडची तरुण पोरं खोल्या भाड्यानं घेऊन राहू लागली. इथं जो आला तो परका म्हणून आला. त्याला शहराचा करून घेणारं कुठलंही खातं नव्हतं. ते काम शेजारच्या खोलीतल्या माणसानं केलं, चहाच्या टपरीवर शेजारी उभ्या राहिलेल्यानं केलं, ‘गाव कोणतं तुमचं?’ असं विचारून.

रोजच्या बोलण्याला मोठेपण देणारा एक माणूसही याच शहरातला. वली दखनी सतराव्या शतकात इथं जन्मला. दिल्लीचे कवी फारसीत लिहीत होते, तेव्हा त्यानं दख्खनेत लोक बोलतात त्या जबानीत गझल लिहिली. 1700 च्या सुमारास तो दिल्लीला गेला आणि तिथल्या कवींना दिसलं की बाजारातल्या भाषेत काव्य मावतं. त्याच्यामागून सिराज औरंगाबादी आला. त्या दख्खनीचा सूर अजून बुढी लेनमध्ये, शहागंजात, रिक्षावाल्याच्या तोंडी ऐकू येतो. मराठी माणूस एका वाक्यात ‘नक्को’ म्हणतो, पुढच्या वाक्यात ‘कशाला’ म्हणतो आणि दोन्हीही त्याचेच असतात. शेजारी कोणती भाषा बोलतो हे ऐकत ऐकत ती आपल्या तोंडात येते. शाळेत ती कुणी शिकवलेली नसते.

गप्पांच्या जागा बदलत गेल्या. गुलमंडी आणि पैठण गेटचा परिसर जुना. दुकानाची शटरं अर्धी खाली आली की मालक, नोकर आणि कायमचं गिऱ्हाईक एका पायरीवर बसतात. औरंगपुऱ्याच्या अभ्यासिकांतून स्पर्धा परीक्षेची पोरं रात्री बाहेर येतात आणि एका चहाचे दोन करतात. सिडकोत कॅनॉटला तरुण मंडळी मोटारसायकलींवर बसूनच बोलतात. पहाटे चौकाचौकात कंपनीच्या बसची वाट पाहणारी पहिल्या शिफ्टची माणसं असतात. त्यांचं बोलणं सगळ्यांत तोकडं आणि सगळ्यांत नेमानं चालणारं. गोगाबाबा टेकडीवर निवृत्त माणसं साखर, रक्तदाब आणि परदेशातल्या नातवंडांवर बोलत चढतात.

बायकांना अशी जागा आणि असा वेळ सहज मिळत नाही, हे मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. त्यांच्या गप्पा टँकरपाशी हंडे-ड्रम भरताना होतात, जिन्यात भाजी निवडताना होतात, नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला जाता-येता होतात. हात कामात असला तरच बोलायची मुभा, असा अलिखित नियम आहे. आता निराला बाजारात, कॅनॉटला मुली नुसत्या बसलेल्या दिसतात, हातात चहा, तासभर बोलणं. ही या शहरातली चांगली गोष्ट आहे आणि ती आणखी वाढायला हवी.

दहावीच्या वर्गातली अर्धी मंडळी आज पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात आहेत. त्यांचा कट्टा फोनवर भरतो. सकाळी कुणी विचारतं, ‘पाऊस आहे का तिकडं?’ कुणी इम्रतीचा फोटो टाकतो, त्यावर दहा जण हळहळतात. बाहेरच्याला यात वाचण्यासारखं काही नाही. पण कॉलनीतलं चिंचेचं झाड तोडलं, ही बातमी ज्याला बंगळुरात बसून लागते, त्याचं गाव अजून सुटलेलं नसतं.

मलिक अंबरनं या शहराला नहर दिली. डोंगराच्या पोटातलं झिरपणारं पाणी गोळा करून ती जमिनीखालून आणायची आणि वाटेत उंच मनोरे त्या पाण्याचा दाब आवरायचे. रोजच्या निरर्थक गप्पा मला त्या मनोऱ्यांसारख्या वाटतात. माणसाच्या आत साठणारा दाब तिथं रोज थोडा थोडा उतरतो. ज्याला असं ठिकाण नाही, तो एक दिवस घरात फुटतो, रस्त्यावर फुटतो.

या शहरानं दंगली पाहिल्या, संचारबंदी पाहिली. अशा रात्री अफवा गल्लीगल्लीतून पळतात. त्या थांबवायला भाषण उपयोगी पडत नाही. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या ओळखीच्या माणसाचा एक फोन उपयोगी पडतो: ‘इकडं काही नाही, घरात बसा.’ तो फोन येतो, कारण आधीची कित्येक वर्षं त्या दोघांनी कांद्याच्या भावावर वेळ घालवलेला असतो. 2021 च्या एप्रिलात, कोविडच्या लाटेत, ऑक्सिजनची खाट शोधताना लोकांनी पहिल्यांदा कुणाला हाक मारली? ज्याच्याशी रोज काहीच महत्त्वाचं बोलत नव्हते, त्यालाच. संकटात विश्वास नव्यानं तयार होत नाही. तो आधीच साठलेला असावा लागतो, आणि साठतो तो असल्याच फुकट गेलेल्या तासांतून.

म्हणून मित्राला फोन करायला कारण शोधू नका. वाढदिवसाची, लग्नाची, दवाखान्याची वाट पाहू नका. आज संध्याकाळी त्याच्या दारात जा. त्यानं ‘काय काम काढलंस?’ असं विचारलं तर सरळ सांगा, ‘काही काम नव्हतं, सहज आलो.’ आणि तुमच्या दारात कुणी असं येऊन उभं राहिलं, तर हातातला फोन बाजूला ठेवा आणि चहा टाका.