कानाचा तुकडा

राहुरी तालुक्यातील एका जैन कुटुंबाच्या मळ्यात गेल्या पावसाळ्यात संकरित गाय व्याली. ओसरीवरून आजींनी विचारले, "काय झालं रे?" "गोऱ्हा," नातू म्हणाला आणि घरात क्षणभर कोणीच काही बोलले नाही. आजींच्या सासऱ्यांच्या काळी गोऱ्हा झाला की पेढे वाटले जात. आता नांगर ट्रॅक्टर ओढतो. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या हत्येसही बंदी आहे. कायदा जीव वाचवतो खरा, पण त्याच्या चाऱ्याची तरतूद करीत नाही. तो भार अखेर पांजरपोळावर येतो, हे तिला वर्षानुवर्षे देणगी देणाऱ्या या घराला वेगळे सांगायला नको.

नातू पशुवैद्यकाचा विद्यार्थी. तो म्हणाला, "आजी, ह्याच्या कानाचा एवढासा तुकडा तपासला, तर ह्याच्या लेकी दुधाला कशा निघतील याचा अंदाज आजच बांधता येतो."

"जन्मालाही न आलेल्या लेकींचा?"

तो अंदाज असा बांधतात. पूर्वी वळू पारखायचा तर त्याच्या लेकी जन्माव्यात, वाढाव्यात, व्याव्यात आणि त्यांचे दूध मोजले जावे, यात सहा-सात वर्षे सरत. आता जनुकद्रव्यातील हजारो खुणा चिपवर एकदम वाचल्या जातात आणि ज्या जनावरांच्या खुणाही ठाऊक आहेत व दूधही मोजलेले आहे, त्यांच्याशी त्या ताडून पाहिल्या जातात. २००१ मध्ये मॉयविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी ही रीत मांडली. अमेरिकेत २००९ पासून होल्स्टीन वळूंची अधिकृत पारख अशी होऊ लागली. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीम येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशी गाईंसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' यांचे लोकार्पण झाले. लिंगनिर्धारित रेतमात्रांचाही त्याच वेळी बोलबाला झाला. त्यांमुळे शंभरात सुमारे नव्वद कालवडी होतात. नको असलेला गोऱ्हा जन्मालाच येऊ नये, हा मार्ग जीवदयेच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगा आहे.

मात्र परक्या गाईंवर बेतलेला हिशेब आपल्या गोठ्यात जसाच्या तसा लागू पडत नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' गीर, जर्सी आणि होल्स्टीन अशा तीन रक्तांची आहे. तिचा अंदाज निव्वळ होल्स्टीनच्या आकड्यांवरून कसा निघावा? आणि अकोल्याच्या डोंगरातील डांगी गाय? दूध बेताचे, पण मुसळधार पावसात तेलकट कातडी आणि काळे कणखर खूर घेऊन ती चिखलात उभी राहते. केवळ दुधाची तागडी धरली तर ती पहिल्याच निवडीत बाद होईल. परदेशात दुधामागे धावताना होल्स्टीनची गाभण राहण्याची क्षमता घटली होती. पुढे ती सुधारण्यास ह्याच खुणांचे साहाय्य झाले. शस्त्र एकच, ते कशासाठी उचलले यावर सारे अवलंबून.

खरी अडचण चिपची नाही, वहीची आहे. दोन-चार गाई असलेल्या घरात सारे दूध एकाच किटलीत जाते आणि संकलन केंद्रावर एकूण आकडा तेवढा नोंदला जातो. कोणत्या गाईने किती दिले, हे घरच्यांनाच ठाऊक नसते. मग ताडून पाहायचे कशाशी?

हे ऐकून आजींना हसू आले. दुकानाची रोजकीर्द त्यांनी चाळीस वर्षे लिहिली, पै-पैचा मेळ घातला; गाईचे खाते मात्र कधी उघडले नव्हते. त्यांनी एक जुनी, अर्धी कोरी वही काढली आणि गाईच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा आकडे नातवाकडून वाचून घेऊन डोक्यावर लिहिले.

"आणि ह्या गोऱ्ह्याचं काय करायचं, तेही सांगतो का तुझा तुकडा?"

नातू गप्प राहिला. आजींनी दुसऱ्या पानावर गोऱ्ह्याचे खाते उघडले. जमेची बाजू कोरी सोडली आणि नावेच्या बाजूस पहिली नोंद केली: आईचे दूध, दोन वेळा.