गॅस गेला कुठे?

१९९९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. आमच्या घाटकोपरच्या शेजारी, कुर्ल्याच्या कारखान्यातच या गाड्या तयार होत. आधीच्या मालकाने तिला एसी बसवला होता, पण तो बंद पडलेला. दुरुस्तीचा खर्च ऐकून मी गप्प बसलो. चालत नाही ते लोढणे गाडीला कशाला, म्हणून सगळे काढून टाकायचे ठरवले. पाने घरात होते. मजुरी वाचणार होती.

एसी बंद म्हणजे आत काही उरले नसेल, अशी माझी समजूत. पाईपचा नट दोन आटे फिरवला आणि फुस्सकन गॅस सुटला. माझी बोटे पांढरी पडून बधिर झाली. गल्लीतली मुले टाळ्या वाजवू लागली. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "पप्पा, गॅस गेला कुठे?"

"हवेत गेला, संपला," मी म्हणालो. बोटांचे कातडे पुढे आठवडाभर सोलत होते.

तीच मुलगी पुढे आयटीआयमध्ये एसी-फ्रीजचे काम शिकली. एक दिवस पुस्तक उघडून म्हणाली, "पप्पा, तो गॅस संपला नाही. अजून वरच आहे."

त्या वेळच्या गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. तो उणे ३० अंशाला उकळतो, म्हणून माझी बोटे गोठली. जवळ जाळ असता तर त्यातून विषारी वायूही झाला असता. हा गॅस हवेत सुमारे १०० वर्षे टिकतो आणि वर जाऊन ओझोनचा थर खातो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच हा धोका सांगितला होता. १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात आला. म्हणजे मी नट फिरवला तेव्हा जगाला हे ठाऊक होते. मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

यंदा मुलुंडला जावयांच्या जुन्या मारुती ८०० चा एसी काढायचा होता. मी पाना घेऊन गेलो, तर मुलगी म्हणाली, "थांबा पप्पा, पहिले काम तुमचे नाही." तिने मशीन लावून आतला गॅस बाटलीत ओढून घेतला. हा आर-१३४ए. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साईडच्या १४०० पटींहून जास्त उष्णता धरतो. अर्धा किलो सुटला तर ७०० किलो सोडल्यासारखे.

पुढचे काम आम्ही दोघांनी केले. आधी बॅटरीची वायर काढली. मग पट्टा सैल केला. काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटर फिरतो, तेव्हा तो पाहूनच काढावा. पाईप सोडवून त्यांची तोंडे बांधली, कारण आत तेल असते. कॉम्प्रेसर जड, म्हणून खालून एकाने धरला. रेडिएटरच्या पुढचा कंडेन्सर जपून ओढला, नाहीतर रेडिएटरलाच भोक पडते. डॅशबोर्डखालची कूलिंग कॉईल काढल्यावर पाईपांची भोके रबरी बुचांनी बंद केली. ती उघडी राहिली तर इंजिनाचा धूर आत येतो आणि पावसाळ्यात पाणीही. सुट्या वायरींना टेप गुंडाळली.

वाचक बंधू-भगिनींनो, हे काम घरी जरूर करा. हाताने काम करण्यात कमीपणा नाही, पैसाही वाचतो. पण गॅस काढायचे काम मशीन असलेल्या माणसालाच द्या. एसी थंड करत नसला तरी आत गॅस असतो, हे विसरू नका. त्या मजुरीचे चार पैसे वाचवू नका. मी ते १९९९ साली वाचवले. तो गॅस अजून आपल्या डोक्यावर आहे आणि माझ्या नातवाच्या म्हातारपणीही थोडाफार असेल.

नातू टॉर्च धरून उभा होता. त्यानेही आईला तेच विचारले, "गॅस गेला कुठे?"

तिने बाटलीवर हात ठेवला. "इथे आहे," म्हणाली.