दारावरचा डोळा

आमच्या वसईच्या जुन्या घराला दोन दारे होती. पुढचे दार पाहुण्यांचे, घराला आशीर्वाद द्यायला येणाऱ्या फादरांचे आणि लग्नाच्या वरातीचे. मागचे दार मात्र साऱ्या आळीचे. कोणी विरजण मागायला येई, कोणी ताज्या मासळीचा वाटा घेऊन येई, कोणी नुसतेच डोकावून जाई. त्या दाराची कडी रात्री निजताना तेवढी लागत असे. दिवसा आजी ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत असायची. अंगणात पाऊल वाजले की मान वर न करताच ती विचारी, "कोण रे बाबा तू?" आमच्या घराची सारी राखण त्या एका प्रश्नावर चालत असे.

एकदा भर दुपारी एक अनोळखी पोरगा आमच्या वाडीतल्या नारळावर चढलेला तिने पाहिला. तिने आरडाओरडा केला नाही. झाडाखाली जाऊन उभी राहिली आणि वर पाहत तोच प्रश्न विचारला. पोरगा मुकाट्याने खाली उतरला. आजीने त्याला पेज वाढली आणि जाताना एक नारळही दिला. "माझी नजर पडली नसती तर तो आज चोर झाला असता," असे ती रात्री जेवताना म्हणाली. त्या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा, घरावर कॅमेरे बसवल्यानंतर कळला.

आता ओट्यावर कोणी बसत नाही. आमची मुलगी कॅनडात, पुतणे आखातात. आळीतल्या कित्येक घरांत दोन-दोन वृद्ध माणसे आणि सहा-सहा बंद खोल्या उरल्या आहेत. पूर्वीच्या भाताच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या आणि रस्त्यावरचा प्रत्येक चेहरा ओळखीचा असण्याचे दिवस संपले. तरीही चोरी ही दूरच्या शहरात होणारी गोष्ट आहे, असे आम्ही समजत होतो. मग एका नाताळच्या आदल्या रात्री, सारी आळी मिस्सेला गेली असताना, आमच्यापासून तिसऱ्या घराचा मागचा कोयंडा तोडला गेला. परतलेल्या माणसांना अंगणात गव्हाणीपुढचा दिवा जळताना दिसला आणि आत लोखंडी कपाट उघडे पडलेले. त्या घरातल्या लेकीचे लग्न पुढच्या महिन्यात होते. दागिने गेले, पण त्याहूनही वाईट ते पुढचे आठवडे. आळीत कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईकडे, प्रत्येक मजुराकडे लोक संशयाने पाहू लागले. मीही पाहिले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरे आहे.

मुलीचा फोन आला, "बाबा, कॅमेरे बसवा." माझा विरोध होता. आयुष्यभर मुलांना शिकवले की कोणी पाहत नसतानाही नीट वागावे. आता त्याच तोंडाने घराला पहारेकरी यंत्र कसे लावायचे? शेवटी पत्नीच्या झोपेसाठी मी राजी झालो. माझाच एक माजी विद्यार्थी हे काम करतो. त्याला मी म्हटले, "पुढच्या फणसाच्या पानांआड एक लपवून टाक, म्हणजे चोराला कळणार नाही." तो हसला. "सर, लपवलेला कॅमेरा चोरी झाल्यावर उपयोगी पडतो. दिसणारा कॅमेरा चोरी होण्याआधी. तुम्हांला चोराचा फोटो हवा की दागिने?"

त्याच्या या प्रश्नाने मला वाचायला लावले. इंग्लंडमध्ये बेनेट आणि राइट या दोन अभ्यासकांनी घरफोडी करणाऱ्यांच्याच मुलाखती घेऊन 1984 साली एक पुस्तक प्रसिद्ध केले होते. घर निवडताना चोर प्रामुख्याने दोन गोष्टी पाहतो, असे त्यातून दिसते: आत कोणी आहे का, आणि आपण कोणाच्या नजरेस पडू का. कुलपाची मजबुती त्यानंतर येते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना, केंटकी आणि ओहायो या राज्यांतील तुरुंगांत घरफोडीची शिक्षा भोगणाऱ्या 422 जणांना काही वर्षांपूर्वी हेच विचारण्यात आले. आसपासची माणसे, पळवाटांचा अभाव, धोक्याची घंटा, कुत्रा आणि बाहेर दिसणारे कॅमेरे यांचा विचार आपण करतो, असे बहुतेकांनी सांगितले. पण यंत्रावर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही अभ्यासच सांगतात. 40 वर्षांच्या संशोधनाचा जो आढावा 2019 साली प्रसिद्ध झाला, त्यात कॅमेऱ्यांमुळे गुन्ह्यांत सरासरी 13 टक्के घट आढळली. सर्वांत जास्त गुण वाहनतळांवर आला, काही गुण वस्त्यांमध्येही. हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. आणि जिथे कॅमेऱ्यामागे कोणी माणूस प्रत्यक्ष लक्ष ठेवून होता, तिथे परिणाम अधिक होता.

मला सर्वांत जवळची वाटली ती मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी ही परिचारिका. आपल्या आळीतल्या कितीतरी लेकींसारखीच तिची कामाची वेळ ठरलेली नसे. घरी अनेकदा एकटी असायची आणि वस्तीत पोलीस लवकर येत नसत. तिने पतीच्या साह्याने दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे ठेवून त्यांवरून फिरणारा कॅमेरा बसवण्याची योजना आखली. 1966 साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, 1969 साली ते मिळाले. त्या योजनेत दाराबाहेरच्या माणसाला पाहता येई, शिवाय त्याच्याशी बोलताही येई. घरासाठी कल्पिलेल्या त्या आरंभीच्या यंत्रालाही 'कोण आहे?' असे विचारायचे होते, हे वाचून मला आजीची आठवण झाली.

चार कॅमेरे बसले. दोन पुढे, दोन मागे. काठीने सहज वळवता येणार नाहीत इतके उंच, पण येणाऱ्याला दुरून दिसतील असे. फाटकावर पाटी लागली. चित्रे साठवणारी पेटी दिवाणखान्यात न ठेवता आतल्या कपाटात गेली. कारण जाणकार चोर जाताना तीच घेऊन जातो. वीज गेली तरी चालावे म्हणून इन्व्हर्टरची जोड आली. यंत्राबरोबर आलेला परवलीचा शब्द विद्यार्थ्याने माझ्यादेखत बदलून घेतला; असे मूळचे शब्द न बदलल्यामुळे 2016 साली जगभरातील असंख्य कॅमेरे परक्यांच्या ताब्यात गेले होते, असे तो म्हणाला. पंधरा-वीस दिवसांनी जुनी चित्रे पुसून त्यांवर नवी उमटतात, म्हणून काही घडले तर लगेच नक्कल काढून ठेवावी. काचेवरची कोळिष्टके दर आठवड्याला झाडावीत, नाहीतर रात्री यंत्राच्या अदृश्य उजेडात तीच चमकत राहतात. हे सारे मी वहीत लिहून घेतले. पत्नी शांत झोपू लागली.

महिन्याभराने माझ्या लक्षात आले की मागच्या दाराने येणाऱ्या आमच्या शेजारच्या मावशी बरेच दिवस आलेल्या नाहीत. तीस वर्षांत असा आठवडा गेला नव्हता. प्रकृती बरी नसेल असे वाटले. एके दिवशी चर्चहून परतताना त्या रस्त्यात भेटल्या, तेव्हा मी विचारले. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मास्तर, तुझ्या त्या डोळ्यासमोरून यायचे म्हणजे मला माझ्याच पायांची चोरी वाटते. आणि तो माझ्या न्हाणीकडे बघतो."

घरी येऊन मी पडदा लावला आणि प्रथमच त्यांच्या बाजूने तो पाहिला. चौथ्या चौकटीचा अर्धा भाग त्यांच्या परसाचा होता. विहीर, दोरीवरचे कपडे, न्हाणीचे दार, सारे काही. महिनाभर मी ते रोज पाहत होतो आणि तरी मला दिसले नव्हते. तेच चित्र कॅनडात मुलीच्या फोनवरही उमटत होते. खाजगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. पण शेजारणीच्या न्हाणीकडे पाहू नये, हे कळायला मला न्यायालयाची गरज पडायला नको होती.

विद्यार्थ्याला बोलावले. चित्राच्या त्या भागावर काळा पट्टा टाकण्याची सोय यंत्रातच आहे, दोन मिनिटांचे काम, असे तो म्हणाला. मी नको म्हटले. पट्टा मला दिसला असता, मावशींना नाही. त्यांना माझ्या शब्दावर विसंबून राहावे लागले असते. ज्या कारणासाठी आपण कॅमेरा चोराला उघड दाखवतो, त्याच कारणासाठी तो आपल्याकडे पाहत नाही हे शेजाऱ्यालाही उघड दिसले पाहिजे. आम्ही कॅमेरा उतरवून दुसऱ्या कोपऱ्यावर चढवला. आता त्याची पाठ मावशींच्या घराकडे आहे. मग त्यांना घरात बोलावून चारही चौकटी दाखवल्या. त्यांनी डोळे बारीक करून नीट पाहिले आणि म्हणाल्या, "तुझ्या केळीला घड चांगला आलाय."

कॅमेऱ्यांनी चोर परतवला का, असे मला कोणी विचारले तर मी फक्त एक गोष्ट सांगू शकतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री सव्वादोनच्या सुमारास एक तरुण फाटकाशी आला. त्याने कडीवर हात ठेवला, वर पाहिले, आणि काही क्षण तसाच उभा राहिला. मग हात काढून घेतला आणि निघून गेला. तो चोर होता की वाट चुकलेला, देव जाणे. न घडलेल्या चोरीचा पुरावा कोणत्याच यंत्रात साठत नाही. मी ते चित्र पोलिसांकडे नेले नाही आणि आळीत कोणाला दाखवलेही नाही. जर तो चोरीसाठी आला असेल, तर त्या रात्री तो चोर न होता घरी गेला. आजीला जे म्हणायचे होते ते हेच असावे. फक्त तिने पेजही वाढली असती. माझ्या यंत्राला ते जमत नाही.

गेल्या नाताळपासून आळीत एक पद्धत आम्ही पाडली आहे. काही घरांतली माणसे रात्रीच्या मिस्सेला जातात, काही दुसऱ्या दिवशी सकाळच्या. जी मागे राहतात ती ओट्यांवर दिवे लावून, चहाचा थर्मास घेऊन बसतात. आमची पाळी मागे राहण्याची होती. पत्नी आणि मी ओट्यावर बसलो होतो. चर्चची घंटा वाजली तेव्हा मागच्या वाटेवर पावले ऐकू आली. मान वर न करता मी विचारले, "कोण गं बाई?"

"मी," मावशी म्हणाल्या, "दार उघड, हातात ताट आहे."