पोपचं बोट आणि मंत्र्याचे गुडघे

आमच्या घरी देवधर्म आईच्या खात्यात, राजकारण बाबांच्या. आई एकादशीवाली, बाबा सेवा दलवाले. त्यामुळे एकच माणूस दोन्ही खाती सांभाळताना दिसला की मला जाम कुतूहल वाटतं. निकाराग्वाचे एर्नेस्तो कार्देनाल त्यातलेच. कवी, कॅथलिक धर्मगुरू आणि पक्के समाजवादी.

१९६६ मध्ये त्यांनी सोलेन्तिनामे बेटांवर एक छोटी वसाहत सुरू केली. तिथे रविवारच्या मिस्सेत शेतकरी आणि कोळी बायबलमधला उतारा वाचून त्यावर आपसात बोलायचे. आता बघा, मरीयेच्या स्तोत्रातला देव सत्ताधीशांना खाली खेचतो आणि भुकेल्यांना जेवू घालतो. सोमोझाच्या हुकूमशाहीत हे वाचणाऱ्याला समाजवाद वेगळा शिकवायला लागतो का?

पण गोष्ट इतकी सरळ नाही. १९७७ मध्ये याच वसाहतीतली काही पोरं बंदुका घेऊन सान कार्लोसच्या लष्करी ठाण्यावर चालून गेली. त्यातली काही मारली गेली, आणि सैनिकांनी वसाहत उद्ध्वस्त केली. शेजाऱ्यावर प्रेम करायला शिकवणारा ग्रंथ वाचून हातात बंदूक कशी येते, हा प्रश्न मला आजही टोचतो.

१९७९ मध्ये सोमोझा गेला, सांदिनिस्ता सत्तेवर आले आणि कार्देनाल सांस्कृतिक मंत्री झाले. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मानाग्वाच्या विमानतळावर उतरले. गुडघे टेकलेल्या मंत्रिमहोदयांना त्यांनी बोट रोखून सर्वांसमक्ष झापलं. तो फोटो जगभर गाजला. पुढे त्यांचे धर्मगुरूचे अधिकारही गेले. ते परत मिळाले थेट २०१९ मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्याकडून.

बहुतेक लोक गोष्ट इथेच संपवतात. मला मात्र पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९९४ मध्ये कार्देनाल पक्षातून बाहेर पडले आणि पुढे दानिएल ओर्तेगाच्या कारभारावर जाहीर टीका करत राहिले. मार्च २०२० मध्ये ते वारले, तेव्हा मानाग्वाच्या कॅथेड्रलमध्ये सरकारसमर्थकांनी त्यांच्या अंत्यविधीतच 'गद्दार' म्हणून आरडाओरडा केला.

म्हणजे चर्चने कान धरला आणि पक्षाने गद्दार ठरवलं! दोघांनाही आज्ञाधारक माणूस हवा होता. कार्देनालांची निष्ठा मात्र बेटावरच्या त्या कोळ्यांशी होती. धर्म आणि समाजवाद जुळतात का, यावर पुष्कळ वाद घालता येईल. मी एवढंच बघतो, की आपलं सरकार आल्यावरही माणूस गरिबाच्या बाजूने बोलतो का? कार्देनाल बोलले. तुमच्या पाहण्यात आहेत असे कोणी?